महागडं हाय-फाय ऑडिओ: पैसे नेमके कशाचे लागतात आणि कुठे थांबायचं?

२०२४ च्या दिवाळीआधी अमरावतीहून मावसभावाचा मेसेज आला. एका इअरफोनचा फोटो, किंमत ४२,००० रुपये, आणि खाली एक ओळ: "दादा, तुझ्या कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय करून दे ना. महिन्याचे ३,५०० होतात, मी तुले पाठवत जाईन."

तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची महिन्याची मेस साधारण तेवढ्याच पैशात होते. आणि हा इअरफोन काही त्याने स्वतः शोधलेला नव्हता. तोच माझ्याकडे होता, आणि हा एकदा ऐकला की बाकी सगळं पत्र्याचा डबा वाटतं, असं दोन वर्षं मीच त्याला सांगत होतो.

हो म्हणायचं की नाही, याचा विचार करताना मला एक गोष्ट खटकली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसमध्ये टेस्ट न केलेला कोड मी पुढे जाऊ देत नाही. पण ऑडिओवर चार वर्षांत लाखाच्या वर खर्च करून बसलो, आणि त्यातल्या एकाही वस्तूची नीट चाचणी घेतलेली नव्हती. मग दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याच्या घरी ती घेतली. त्यातून काय कळलं आणि त्यामागचं तंत्र काय आहे, ते या लेखात बघू.

थोडक्यात सांगायचं तर

- साध्या ३०० रुपयांच्या इअरफोनवरून २,००० च्या चांगल्या वायरवाल्या इअरफोनवर गेलात, तर फरक कोणालाही कळेल.
- त्यापुढे किंमत वाढते तसा आवाज त्याच प्रमाणात सुधारत नाही. एका टप्प्यानंतर तुम्ही बनावट, धातूची बॉडी, दुर्मिळपणा आणि ब्रँड यांचे पैसे देता.
- पैसे घालायचेच असतील तर हेडफोन, इअरफोन किंवा स्पीकरवर घाला. डीएसी आणि केबलवर सगळ्यात शेवटी.
- विकत घ्यायच्या आधी डोळे झाकून तुलना करा. कशी करायची ते खाली दिलं आहे.

हाय-फाय म्हणजे नेमकं काय?

हाय-फाय हे 'हाय फिडेलिटी'चं छोटं रूप. फिडेलिटी म्हणजे इमान. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते न वाढवता, न घटवता कानापर्यंत पोचवणं, एवढाच त्याचा अर्थ. गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिलं की छाती हादरते, तो झाला मोठा आवाज. हाय-फाय म्हणजे खरा आवाज. दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

हा शौक आपल्याकडे नवा नाही. कोलकात्याची सोनोडाइन कंपनी १९७० पासून या धंद्यात आहे. पुण्याच्या केडन्स कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक प्रकारचे महागडे स्पीकर इथेच बनवले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडणारे लोक तर एका पिढीआधी गावोगावी होते. त्या शौकात हात काळे व्हायचे आणि वस्तू कशी चालते तेही समजायचं. आता आपण डबा मागवतो आणि ईएमआय फेडतो. आत काय आहे ते बघायची वेळच येत नाही.

वरची मर्यादा किती, याचा एक अंदाज देतो. सेनहायझर कंपनीचा एचई १ हा हेडफोन २०१५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्याची किंमत सुमारे ५०,००० युरो होती. सोबत संगमरवरात बसवलेला ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर येतो. आपल्या पैशात ही रक्कम चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जाते. अकोल्यात तेवढ्यात बरा फ्लॅट येतो.

माझा हिशेब

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःचं मांडतो. २०२० ते २०२४ या काळात मी केलेला खर्च असा:

- पहिला वायरवाला इअरफोन: २,०००
- ओपन-बॅक हेडफोन, म्हणजे बाहेरून जाळी असलेला: २८,०००
- डीएसी आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात: ३८,०००
- दुसरा, भारी इअरफोन: ४२,०००
- इअरफोनसाठी वेगळी केबल: १५,०००
- रबरी टिप्स, केस, अडॅप्टर वगैरे: ५,०००

एकूण १,३०,००० रुपये. एका दमात कोणी एवढे मागितले असते तर मी दिले नसते. पण हा शौक एका दमात मागतच नाही. प्रत्येक वेळी "आता फक्त एवढंच राहिलं" असं वाटतं. हेडफोन आला की कळतं, फोन त्याला पुरत नाही म्हणे. डीएसी आला की कळतं, सोबत आलेली केबल कमजोर आहे म्हणे. हे 'म्हणे' मला मुख्यतः व्हिडिओंमधून कळत होतं, आणि त्या व्हिडिओंच्या खाली खरेदीच्या लिंक होत्या.

ही यादी बाबांनी पाहिली तेव्हा ते केबलवर थांबले. "वायर पंधरा हजाराचा? म्हणजे दोन क्विंटल कापूस झाला ना रे." हिशेब बरोबर होता. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. दोन क्विंटलचे १५,०४२.

किंमत एवढी का असते?

हे लोक सरसकट लुटतात असं म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. किमतीत बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात.

१. कमी संख्या. लाखोंनी विकल्या जाणाऱ्या इअरबडचा साचा आणि संशोधनाचा खर्च लाखो नगांवर वाटला जातो. पाचशे नग विकायचे असतील तर तोच खर्च पाचशेवर वाटावा लागतो.

२. बॉडी. अ‍ॅल्युमिनियम किंवा टायटॅनियमचा ठोकळा मशीनवर कोरून काढणं महाग पडतं. हातात घेतलं की भारी वाटतं. आवाजाशी त्याचा संबंध बऱ्याचदा थोडाच असतो.

३. कर आणि वाहतूक. बहुतेक माल आयात होतो. उदाहरणापुरती २० टक्के कस्टम ड्युटी, त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार आणि मग सगळ्यावर १८ टक्के जीएसटी धरू. १०० रुपयांच्या वस्तूचे १०० अधिक २० अधिक २, म्हणजे १२२ होतात. त्यावर जीएसटी लागून सुमारे १४४. अजून आयातदार आणि दुकानदार यांचा नफा यात आलेलाच नाही.

४. ब्रँड आणि दुर्मिळपणा. घड्याळ, पेन, पैठणी यांना जो नियम लागतो तोच इथेही. महाग असणं हाही काही वस्तूंचा गुण म्हणून विकला जातो.

यातल्या एकाही गोष्टीत फसवणूक नाही. पण यातली एकही गोष्ट थेट कानाला ऐकू येत नाही.

आवाजाची साखळी: कुठे खर्च केला तर फरक पडतो?

फोनमधलं गाणं कानापर्यंत येताना चार टप्पे लागतात: फाइल किंवा स्ट्रीमिंग, डीएसी, अ‍ॅम्प, आणि ड्रायव्हर. आपण उलट्या क्रमाने जाऊ, कारण महत्त्वाचा क्रम तोच आहे.

ड्रायव्हर (हेडफोन, इअरफोन, स्पीकर)

विजेचं रूपांतर हवेच्या कंपनात करतो तो ड्रायव्हर. साखळीतलं हे सगळ्यात अवघड काम, म्हणून सगळ्यात मोठे फरक इथेच पडतात. पण तिथेही महाग म्हणजे चांगलं असं गणित नाही. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केला: हेडफोनचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स आणि त्याची बाजारातली किंमत यांच्यात संबंध सापडत नाही. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत कुठला किती जोरात वाजतो, त्याचा आलेख. आवाज आवडणं न आवडणं बरंचसं याच आलेखावर ठरतं.

दुसरी गोष्ट, ड्रायव्हर फोनसारखा दोन वर्षांत जुना होत नाही. सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन १९९७ मध्ये आला, आणि अजूनही लोक तुलनेसाठी तोच पुढे करतात. त्यामुळे "या वर्षीचं नवीन मॉडेल" ऐकून घाई करायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट फुकट आहे. इअरफोनची रबरी टिप कानात नीट बसली नाही की बेस गळून जातो. डब्यात तीन आकाराच्या टिप्स येतात. बरेच जण मधली लावतात आणि इअरफोनला नावं ठेवतात. आधी तिन्ही लावून बघा.

अ‍ॅम्प

सिग्नलला ताकद देण्याचं काम अ‍ॅम्पचं. नियम साधा आहे. तुमच्या फोनवर हेडफोन पुरेसा मोठा वाजत नसेल, तर अ‍ॅम्प लागतो. वाजत असेल, तर बहुधा लागत नाही. मोठ्या इम्पीडन्सच्या, म्हणजे ३०० ओहमसारख्या हेडफोनला कधी कधी गरज पडते. इअरफोनला सहसा नाही.

डीएसी

डिजिटल आकड्यांची वीज करणारी चिप म्हणजे डीएसी. ती प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक ब्लूटूथ इअरबडमध्ये असतेच. हे तंत्र आता इतकं पक्कं झालं आहे की ९०० रुपयांच्या टाइप-सी डाँगलमधली चिपही कानाला कळणार नाहीत इतक्या कमी चुका करते. माझे ३८,००० इथेच गेले होते.

फाइल आणि 'हाय-रेस'

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. ती सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, प्रत्येक नमुना १६ बिटचा. नमुने जितके, त्याच्या निम्म्या फ्रीक्वेन्सीपर्यंतचा आवाज पुन्हा उभा करता येतो, असं गणित सांगतं. म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झपर्यंत. माणसाचा कान तरुणपणी जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वयाबरोबर त्याहून कमी. १६ बिटमुळे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. २४ बिटमध्ये हे अंतर कागदावर १४४ पर्यंत जातं.

आता अकोल्याचा मे महिना आठवा. बाहेर ४५ अंश, घरात कूलर फुल स्पीडला. मी फोनच्या अ‍ॅपवर कूलरचा आवाज बघितला तर ६० डेसिबलच्या आसपास निघाला. अ‍ॅपचा आकडा अंदाजाचाच, पण मुद्दा कळायला पुरेसा आहे. सीडीपेक्षा बारीक तपशील त्या कूलरखाली आधीच गाडले गेलेले असतात.

शांत खोलीतही फरक कळतो का? २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी हे तपासलं. हाय-रेस आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जावर उतरवून लोकांना ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

ब्लूटूथवाल्यांसाठी आणखी एक. सीडीच्या आवाजाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथचा नेहमीचा एसबीसी कोडेक साधारण ३२८ पर्यंत जातो, एलडॅक जास्तीत जास्त ९९०. त्यामुळे अ‍ॅपमध्ये महागडा हाय-रेस प्लॅन घेऊन ब्लूटूथवर ऐकलं, तरी वाटेत आवाज पुन्हा दाबला जातोच.

केबल

इअरफोनच्या मीटरभर तारेचा रोध बहुतेक वेळा ओहमच्या एका अंशात असतो. समोर इअरफोनचा रोध तीसेक ओहम, हेडफोनचा त्याहून मोठा. त्यामुळे तार चांदीची असो की तांब्याची, फार काही बदलायला जागाच नसते. अगदी कमी इम्पीडन्सच्या काही इअरफोनमध्ये थोडा फरक यंत्राने मोजता येतो, पण तो अपवाद.

२००७ मध्ये अमेरिकेत पेअर कंपनीच्या ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबलवरून मोठा वाद झाला होता. चमत्कारांचा पडताळा घेणारे जेम्स रँडी यांनी जाहीर केलं, की ही केबल आणि साधी चांगली केबल यातला फरक न बघता कोणी ओळखून दाखवला तर दहा लाख डॉलर देतो. ते बक्षीस कोणी घेऊन गेलं नाही.

घरी चाचणी कशी घ्यायची?

आम्ही केली तीच पद्धत सांगतो. लागणाऱ्या वस्तू: एक साधा मल्टिमीटर, एक जोडीदार, एक नाणं आणि वही.

पहिली पायरी, आवाज सारखा करणे. दोन सारख्या आवाजांपैकी जो किंचित मोठा असतो तो आपल्याला 'जास्त मोकळा', 'जास्त स्वच्छ' वाटतो. तो मोठा आहे हे मात्र लक्षात येत नाही. म्हणून १०० हर्ट्झचा टोन वाजवा, हेडफोन जोडलेला असताना मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्हीकडे सारखं करा. स्वस्त मीटर जास्त फ्रीक्वेन्सीवर चुकतात, म्हणून टोन १०० चाच घ्या. व्होल्टेजमधला फरक एका टक्क्याच्या आसपास राहिला की आवाजातला फरक ०.१ डेसिबल उरतो. तेवढा चालतो.

मला पहिला धक्का इथेच बसला. मी नेहमी ज्या सेटिंगवर ऐकायचो तिथे डाँगलवर ०.३० व्होल्ट येत होते आणि माझ्या महागड्या डीएसीवर ०.३८. म्हणजे डीएसी २ डेसिबल मोठा वाजत होता. मी ज्याला दोन वर्षं 'मोठा मंच', 'मोकळा श्वास' वगैरे म्हणत होतो, ती व्हॉल्यूमची दोन घरं होती.

दुसरी पायरी, न बघता ऐकणे. मी पाठ करून बसलो, कानावर तोच २८,००० चा हेडफोन. मावसभाऊ प्रत्येक वेळी नाणं उडवायचा. छापा आला तर डाँगल, काटा आला तर डीएसी. दोन्ही वेळी पिन काढून पुन्हा लावायचा, म्हणजे आवाजावरून अंदाज येऊ नये. २० सेकंदांचा एकच तुकडा. मी फक्त "डाँगल" किंवा "डीएसी" एवढंच बोलायचो, तो वहीत लिहायचा. बरोबर की चूक ते शेवटपर्यंत सांगायचं नाही.

तिसरी पायरी, मोजणे. १६ वेळा करा. नुसत्या नशिबाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. म्हणून १२ ही पास होण्याची रेषा धरा. आणि ही रेषा चाचणीच्या आधी ठरवा, नंतर नाही.

माझे १६ पैकी ९ आले. मावसभावाचे ७.

बाबांना आम्ही मोजायला बसवलं नाही, नुसतं दोन्हीवर एक नाट्यगीत ऐकवलं. ते म्हणाले, "मले त दोन्हीत ऑर्गन सारखाच वाजू राह्यला. आता बंद नको करू, गाणं पुरं होऊ दे."

मग ३०० रुपयांचा इअरफोन आणि २,००० चा इअरफोन घेतला. कानात घालताना आकारावरूनच कोणता ते कळतं, म्हणून ही काटेकोर चाचणी म्हणता येणार नाही. पण तबल्याचा बाया स्वस्तात नुसता 'धप' करत होता आणि दुसऱ्यात त्याची घुमक ऐकू येत होती. हे सांगायला वही लागली नाही. २,००० आणि ४२,००० मध्येही फरक होता. महागड्यात बारीक तपशील थोडे सुटे ऐकू येत होते. पण मावसभावाला २,००० वाल्याचा बेस जास्त आवडला. मी म्हटलं, चाळीस हजार वाचले. तो हसला नाही. म्हणाला, "मंग दोन वर्सं मले काय सांगू राह्यला होता तू?"

त्याला उत्तर नव्हतं. मी खोटं बोललो नव्हतो, मला खरंच तसं ऐकू येत होतं. किंमत माहीत असली की मेंदू तिच्या बाजूने ऐकतो. यात हुशारी-मूर्खपणाचा प्रश्न नाही, सगळ्यांचं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीचं प्रकरण गाजलं. तिच्या महागड्या विनाइल तबकड्या शौकीन लोक शुद्ध अ‍ॅनालॉग समजून घ्यायचे आणि डिजिटलपेक्षा त्या किती जिवंत वाटतात हे एकमेकांना सांगायचे. नंतर उघड झालं, की २०११ पासून त्यातल्या बऱ्याच तबकड्या बनवताना मधे एक डिजिटल टप्पा होता. अनेक वर्षं तो अनुभवी कानांनाही कळला नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं आणि ग्राहकांना भरपाई देण्यावर मिटलं.

रेकॉर्डिंगच्या पुढे कोणी जाऊ शकत नाही

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. बडनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याला येताना मधे मूर्तिजापूर लागतं. पंडित वसंतराव देशपांडे मूळचे त्या बाजूचे, जन्म १९२०. 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं १९६७ मध्ये. वसंतराव गेले ३० जुलै १९८३ ला, म्हणजे सीडी जपानमध्ये पहिल्यांदा विकायला आली त्यानंतर वर्षभराच्या आतच. त्यामुळे त्यांचं जे काही आज आपण ऐकतो ते जवळपास सगळं टेपवर रेकॉर्ड झालेलं आहे, आणि त्या काळच्या टेपची खरखर १६ बिटच्या मर्यादेच्या बरीच वर असते.

याचा अर्थ काय? माझ्या सगळ्यात आवडत्या गाण्यांमध्ये जे तपशील आहेत, ते सगळे साधी सीडी-दर्जाची फाइल आणि चांगला इअरफोन दाखवू शकतात. जे टेपवर आलंच नाही, ते दहा लाखांचं यंत्रही आणू शकत नाही. उलट पुष्कळदा होतं असं, की यंत्र जितकं भारी, तितकी खरखर जास्त स्पष्ट ऐकू येते. त्यामुळे इंटरनेटवर पाच ठिकाणी एकच गाणं असेल तर त्यातली चांगली प्रत शोधायला अर्धा तास द्या. तो अर्धा तास केबलपेक्षा जास्त फरक पाडतो.

नो-कॉस्ट ईएमआयचं गणित

नावात 'नो-कॉस्ट' असलं तरी बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत देते, म्हणून ते दिसत नाही. तीन गोष्टी तपासा.

- एकरकमी पैसे दिले तर आणखी सूट मिळत होती का? असेल, तर ती तुम्ही गमावलेली रक्कम.
- प्रोसेसिंग फी किती? शिवाय व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुमच्या बिलात येतो.
- हप्ता चुकला तर दंड आणि क्रेडिट स्कोअरचा फटका ज्याचं कार्ड आहे त्याला. मित्राच्या किंवा भावाच्या कार्डवर घेत असाल तर हे दोघांनीही लक्षात घ्या.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा: हीच वस्तू आज रोख ४२,००० मोजून घेतली असती का? उत्तर नाही असेल, तर तुम्हाला वस्तू परवडत नाही, फक्त हप्ता परवडतो.

मग किती पैशात काय घ्यावं?

हे आकडे २०२४ च्या आसपासचे, ढोबळ आहेत.

- ० रुपये: योग्य आकाराच्या टिप्स, अ‍ॅपमधली ऑडिओ क्वालिटी 'हाय' करणं, इक्वलायझर शिकणं.
- ३,००० पर्यंत: १,५०० ते २,००० चा चांगला वायरवाला इअरफोन आणि फोनला जॅक नसेल तर ९०० चा डाँगल. बहुतेक वाचकांनी इथे थांबलं तरी काही गमावणार नाहीत.
- १०,००० ते ३०,०००: चांगला ओपन-बॅक हेडफोन. घरी शांतपणे तासन्‌तास ऐकणाऱ्यांसाठी. कमावते झाल्यावर, आणि एकदाच. सेकंड-हँडही बघा.
- त्याच्या वर: हा शौक आहे, गरज नाही. शौक असण्यात काही चूक नाही. सुंदर वस्तू आवडते म्हणून घ्या, फक्त "आवाजासाठी घेतोय" असं स्वतःला सांगू नका.

स्पीकर घेणाऱ्यांनी आधी खोली बघा. आपल्याकडे फरशी, उघड्या भिंती आणि वर स्लॅब, त्यामुळे आवाज घुमतो. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट यांनी पडणारा फरक स्वस्तात मिळतो आणि नक्की ऐकू येतो.

कान अपग्रेड होत नाहीत

साखळीतला शेवटचा भाग म्हणजे कान, आणि त्याला स्पेअर पार्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबल जास्तीत जास्त ४० तास ऐकावं. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. बस-रेल्वेत बाहेरचा गोंगाट झाकायला आपण व्हॉल्यूम वाढवतो, तिथे कानात घट्ट बसणारा स्वस्त इअरफोनही उपयोगी पडतो. अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये मोठ्या आवाजाची सूचना असते, ती बंद करू नका. ऐकल्यानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर ती धोक्याची खूण आहे. पुन्हा पुन्हा होत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

शेवटी

मी डीएसी २२,००० ला विकला. केबलला ४,००० च्या वर कोणी विचारलं नाही, तेवढ्यातच दिली. या दोन वस्तूंवर २७,००० गेले. २८,००० चा हेडफोन मात्र ठेवला आहे. तो रोज वापरतो आणि त्याचे पैसे मला टोचत नाहीत. ४२,००० चा इअरफोनही आहे. तो मावसभावाला आठवडाभरासाठी अमरावतीला दिला होता. परत देताना म्हणाला, "भारी आहे दादा. पण हप्ता नको."

त्याने २,००० चा घेतला, रोख. तुम्हालाही काही महाग घ्यायची इच्छा झाली, तर ज्याच्याकडे ती वस्तू आहे त्याच्याकडून आठवडाभर मागून घ्या. आपल्याकडे अशा वस्तू ऐकून बघायला दुकान सापडणं कठीण, पण मित्र सापडतो. आठवड्यानंतर परत देताना हात जड झाला नाही, तर तुमचे पैसे वाचले.